कबऱ्या शेळ्या

वाशीच्या बाजारासाठी मी पहिल्यांदा शेळ्या निवडल्या त्या रंग बघून निवडल्या. दात बघितले नाहीत, कास बघितली नाही, पोट चाचपलं नाही. काळी दिसली की आत, कबरी दिसली की बाहेर. अशा अठ्ठावीस शेळ्या एका सकाळी बाहेर काढल्या, त्यांच्या शिंगांना गेरू फासला, ज्यांना शिंगं नव्हती त्यांच्या कपाळाला फासला, आणि खोलीवर येऊन समाधानानं जेवलो.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं मी चेअरमनवर आणि वरच्या साहेबलोकांवर भरपूर तोंडसुख घेणार आहे. ते वाचताना कुणाच्या मनात येईल की, अहो, तेव्हा तुम्ही काय करत होता? मी गेरू फासत होतो.

आमच्या जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत आणि त्या नावाची शेळी साऱ्या देशात ठाऊक होती. बहात्तरच्या दुष्काळानं आमच्या भागाला दोन गोष्टी देऊन ठेवल्या: खडी फोडायची सवय आणि सहकारी संस्था. बहात्तर सरलं तरी दुष्काळ काही सरला नाही, दोन-चार वर्षं आड तो पाहुण्यासारखा परत यायचा. आला की खडीची कामं निघायची आणि त्याच्या मागोमाग एखादी नवी संस्था निघायची. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीपासून दोन कोसांवरच्या एका गावात अशीच शेळीपालन संस्था निघाली. तिच्यावर सचिव म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

मी मूळचा माकणीचा. आमच्या घरी म्हशी. शेळी म्हणजे दुसऱ्याच्या कुंपणात तोंड घालणारं जनावर, एवढीच माझी तिच्याशी ओळख. सचिवाच्या प्रशिक्षणात इतिवृत्त कसं लिहावं, ठरावाला सूचक-अनुमोदक कसे घ्यावेत, हे सगळं शिकवलं. शेळी एकदाही शिकवली नाही. एका रविवारी जेवणात आली होती तेवढीच.

म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी एक पराक्रम केला. शेळीचं वय दातांवरून ओळखतात असं ऐकलं होतं. एक शेळी धरून तोंड उघडलं तर वरच्या जबड्यात पुढं एकही दात नाही. नोंदवहीत लिहिलं, ‘म्हातारी’. दुसरी धरली, तीही तशीच. चाळीस शेळ्या बघून झाल्या, चाळीसही म्हाताऱ्या. संस्थेला कुणीतरी फसवलं म्हणून मी तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो होतो. शेळीला वरच्या बाजूला पुढचे दात देवानं दिलेलेच नाहीत, वय बघायचं ते खालच्या दातांवरून, हे मला अख्ख्या गावानं हसून झाल्यावर सांगितलं.

कळप बाजारासाठी निवडायचा म्हणजे काय करायचं, हे ज्यांनी शेळी फक्त ताटात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी चरायला सोडायच्या आधी सगळ्या शेळ्या काटेरी फांद्यांच्या कुंपणाच्या वाडग्यात अडवायच्या. वाडग्याला एकच दार, एक माणूस आडवा उभा राहील एवढं. निवडणारानं त्या दारात उभं राहायचं. एकेक शेळी पुढं आली की डाव्या हातानं जबडा धरायचा, खालचे दात बघायचे: दुधाचे आहेत, दोन आलेत, चार आलेत की झिजलेत. उजवा हात कंबरेवरून फिरवायचा, मास किती धरलंय ते कळतं. मग खाली कास. मऊ आणि भरलेली असेल तर ती घरी राहणार. दगडासारखी कडक असेल तर ती बाजारात जाणार. शेवटी पोटाखालून हात घालून वर दाबायचं, गाभण असेल तर पिल्लू हाताला लागतं. एवढं सगळं माणूस मनात दहा मोजेपर्यंत व्हावं लागतं, कारण शेळी अकरा मोजेपर्यंत थांबत नाही. बोकड, भाकड शेळ्या, म्हाताऱ्या, कासेनं गेलेल्या अशा बाहेर काढायच्या. दुधाच्या आणि गाभण शेळीला हात लावायचा नाही. आणि एक गोष्ट नव्या माणसाला उलटी वाटते. वाळलेली शेळी दिसली म्हणून काढायची नाही. दोन-दोन पिल्लं पाजणारी शेळी वाळणारच. जी दुष्काळातही गुबगुबीत आहे तिच्यावर संशय घ्यायचा. ती कुणाला काही देत नसते, म्हणून तर तिचं अंग भरतं.

हे सगळं गावातल्या कुठल्याही बाईला येत होतं. मला येत नव्हतं, आणि निवडायचा अधिकार मला होता.

त्या वर्षी वरून एक पत्र आलं. टंचाईमुळं संस्थेला कडबा मिळणार होता, पण फक्त जातिवंत शेळ्यांसाठी. जातिवंत म्हणजे सर्वांगानं काळी. अंगावर पांढरे, तांबडे ठिपके असलेल्या शेळ्या जातीला बाधक, सबब त्यांची ‘विल्हेवाट’ लावावी. आता उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी असते हे खरं, पण ती तांबडी असते, पांढरी असते, कबरीही असते, आणि पिढ्यान् पिढ्या आहे. ज्यानं पत्र लिहिलं त्यानं ही जात बहुधा भिंतीवरच्या तक्त्यात पाहिली होती. इतक्या वर्षांनीही त्या पत्राची आठवण झाली की माझी कानशिलं गरम होतात. एखाद्या गावातल्या गायींची अशी रंगावरून विल्हेवाट लावा म्हणून कागद निघाला असता तर मोर्चे निघाले असते. शेळी पडली गरिबाची. तिच्यासाठी एक सचिव आणि एक गेरूचा डबा पुरला.

पत्राचा सगळ्यात जास्त आनंद आमच्या चेअरमनना झाला. त्यांचं नाव लिहीत नाही, नातवंडं चांगली निघाली आहेत. विहीर, ऊस, जीप, सगळं असलेला माणूस. संस्था होती भूमिहीन आणि अल्पभूधारकांसाठी, पण तिच्या कळपात चेअरमनच्या अकरा शेळ्या होत्या, मेहुण्याच्या आणि भाच्याच्या नावावर. अकराही काळ्या कुळकुळीत, पाठीवर तांब्या ठेवला तर पडायचा नाही अशा भरलेल्या. दोन वर्षांत त्यातली एकही व्याली नव्हती. पत्राप्रमाणं त्या जातिवंत ठरल्या.

आणि बाधक ठरली गयाबाईची बांडी.

गयाबाई बौद्धवाड्यातली. चाळिशी ओलांडलेली, उंच, बोलायला कमी. खडीच्या कामावर जायची. तिची लेक बाळंतपणात गेली होती आणि मागं पाच महिन्यांची नात ठेवून गेली होती. ते पोर बांडीच्या दुधावर होतं. बांडी म्हणजे अर्धी काळी, अर्धी पांढरी, एक कान तांबूस, अंगानं फळीसारखी सपाट. दर वेताला दोन पिल्लं. हे सगळं गावाला माहीत होतं. मला पण सांगितलेलं होतं.

निवडीच्या दिवशी बांडी दारात आली तेव्हा गयाबाई वाडग्याच्या बाहेर उभी होती. ती एवढंच म्हणाली, “साहेब, हिच्या कासंला हात तरी लावून बघा.”

मी म्हणालो, “मावशी, कागदावर कासेचा रकाना नाही.”

हे वाक्य मी उच्चारलेलं आहे. कुणी माझ्या तोंडात घातलेलं नाही. त्यानंतर मी बांडीच्या कपाळाला गेरू फासला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अठ्ठावीस शेळ्या घेऊन आम्ही वाशीची वाट धरली. मी, आणि हाकायला भाड्यानं घेतलेले दोन गडी. शेळ्या गावाबाहेर पडेनात. बांडी चार पावलं चालायची आणि मागं वळून ओरडायची, की बाकीच्या तिच्याभोवती गोळा. शेवटी गड्यानं तिला खांद्यावर घेतलं तेव्हा कळप हलला. मी मागून काठी घेऊन, पायात नव्या चपला घालून, सहकाराचा विजय असो अशा तोऱ्यात चालत होतो.

बाजारात रहीमचाचा नावाचे एक जुने व्यापारी होते. मेंदीची दाढी, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. ते कळपात शिरले, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत बांडीपाशी आले आणि वाकून त्यांनी तिची कास हातात घेतली. सकाळपासून पिळलेली नव्हती. दाबल्याबरोबर धार निघाली ती थेट माझ्या विजारीवर.

“साब,” ते म्हणाले, “हिचं दूध कोण पितंय?”

मी सांगितलं.

त्यांनी रुमालानं हात पुसला आणि म्हणाले, “म्या पन्नास वर्षं सुरी धरली. दूधवाली कंदी कापली न्हाय. तुमी शिकलेली मान्सं, तुमी बिनसुरीनं कापता.”

आणि त्यांनी माझी परवानगी न विचारता ओल्या कासेच्या सात शेळ्या ओढून आपल्या खुंट्यांना बांधल्या. मग माझा हात धरून एकेकीच्या कासेला लावला. भरलेली कशी लागते, आटलेली कशी लागते, हे सगळं त्यांनी भर बाजारात, चारचौघांसमोर शिकवलं. मी अर्धा तास खाली बसून शिकलो, आणि त्या अर्ध्या तासात परगावच्या दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं उरलेल्या एकवीस शेळ्या ठोक घेऊन ट्रकमध्ये भरल्या. मी उठून कागदावर सही केली. ट्रक गेल्यावर चाचा म्हणाले की त्यात तीन गाभण होत्या, पोटं बघून हाक मारणार तोवर तुमची सही झाली. त्या तिघी कुणाच्या होत्या हे मी नंतर नोंदवहीत शोधलं. एकवीसही नोंदींपुढं माझ्याच अक्षरात ‘कबरी’ एवढंच लिहिलेलं सापडलं.

सात शेळ्या घेऊन दुपारी परत आलो. उन्हात, पायाला फोड आलेले. येताना बांडीला खांद्यावर घ्यावं लागलं नाही. तीच पुढं होती आणि आम्ही तिच्या मागं पळत होतो. पोराला सकाळपासून गुळाच्या पाण्यावर ठेवलं होतं आणि ते रडून रडून निपचित पडलं होतं. गयाबाईनं माझ्याकडं बघितलंही नाही. शेळीखाली बसली, वाटीत धार काढली, कापडाची वात भिजवून पोराच्या तोंडात धरली. मी दारात उभा होतो. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण ज्या माणसानं गेरू फासला त्यानंच शेळी परत आणल्याचं श्रेय कसं मागावं, याचा ठराव मला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी चेअरमननं बोलावून घेतलं. मी कासेचं सांगितलं, चाचांचं सांगितलं. अकरा काळ्या भाकड आहेत, निवडायच्याच तर त्या निवडू, असंही बोलून गेलो. चेअरमन शांतपणे पान खात होते.

“तू सचिव हाईस का दाई?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले की शनिवारी मी स्वतः येऊन बसतो. वाडग्यात एक जरी कबरी दिसली तर ती बाजारात आणि तू घरी. वर कळवायचंय की कळप शंभर टक्के काळा झाला.

मी काय केलं? उलट बोललो? पत्र फाडलं? वर जाऊन साहेबांना गाठलं? यातलं काहीही केलं नाही. मी निरोप्या झालो. बौद्धवाड्यात गेलो आणि सात घरी सांगितलं की शनिवारी चेअरमन येणार. सांगताना मान खाली घातली होती, एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

गयाबाईनं विचारलं, “काय बघत्याल ते? दात बघत्याल का रंग?”

“रंग,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि खडी फोडायला निघून गेली.

पुढचं मला बऱ्याच काळानं कळलं, पण ते इथंच सांगतो. सातजणींपैकी एकीचा भाऊ तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर होता, कोळसा कुटायच्या. तो आख्खं पोतं भरून कोळशाची वस्त्रगाळ पूड घेऊन आला. नुसता कोळसा, त्यात दुसरं काही मिसळायच्या आधीचा. शनिवारी सकाळी सातही बायकांनी खडीवर खाडा केला आणि विहाराच्या पत्र्याच्या खोलीत शेळ्या नेऊन ती पूड करडईच्या तेलात कालवून त्यांना चोळली. कानाच्या आतून, खुरापर्यंत. त्या बायकांच्या घरात भाजीला फोडणी नव्हती. असलेलं नसलेलं तेल त्यांनी शेळीच्या पाठीवर ओतलं, का, तर जिल्ह्याच्या गावी बसलेल्या एका माणसाला पांढरा ठिपका आवडत नव्हता. चीड येते ती ह्याची. आमच्या त्या सहकारानं गरीब बाईला काय शिकवलं म्हणाल, तर शेळी रंगवायला.

शनिवारी चेअरमन लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. धुतलेलं धोतर, डोक्यावर छत्री. वाडग्यापासून वीस पावलं दूर, कारण शेळ्यांना वास येतो. मी दारात. काखेत नोंदवही, शेजारी दगडावर काळ्या शाईचा पॅड, कारण सभासदांचे अंगठेही घ्यायचे होते.

शेळ्या एकेक येऊ लागल्या. काळी. काळी. काळी. चेअरमनच्या अकरा डुलत डुलत गेल्या. मग एक फळीसारखी सपाट शेळी आली, काळीभोर, तेलानं चकाकत. मी सवयीनं जबडा धरला, पाठीवरून हात फिरवला, कासेला हात लावला. आता मला कास कळत होती. भरलेली होती. हात बाहेर काढला तर तळवा काळा. मागोमाग तिची दोन पिल्लं उड्या मारत आली; पिल्लं मोजणीत धरत नसत. दोघांचीही तोंडं डोळ्यांपर्यंत काळी, बाकी अंग तांबडं.

उन्हाचा तडाखा होता. आभाळात ढगाचा तुकडा नाही. पाऊस नव्हता, हे त्या सबंध वर्षात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. गयाबाई वाडग्याबाहेर उभी होती, नात कडेवर. ती शेळीकडं बघत नव्हती. ती माझ्या हाताकडं बघत होती.

लिंबाखालून आवाज आला, “काय रे, कबऱ्या?”

“दिसत नाहीत,” मी म्हणालो.

हात विजारीला पुसला आणि पुढची शेळी धरली. अशा सात गेल्या. मोजणी जुळली. रंग जुळला नाही, पण रंगाची बेरीज ताळ्याला लावायची पद्धत सहकारात नाही. चेअरमन खूश झाले. सगळ्यांदेखत म्हणाले की आता जरा तयार झालास. वरून शाबासकीचं पत्र आलं. कडबा आला. तो बांडीनं खाल्ला, तिच्या दुधावर गयाबाईची नात उन्हाळा काढून गेली. अकरा भाकडांनीही खाल्ला, त्यांच्या हिश्शाला जास्त आला, आणि त्याबद्दल मी एक शब्द काढला नाही. एकवीस शेळ्या ज्यांच्या गेल्या त्यांच्याकडं संस्था परत कधी फिरकलीही नाही. चार-पाच वर्षांनी ती संस्थाच बुडाली. चेअरमन तोवर दुसऱ्या संस्थेवर गेले होते.

मी नोकरीत पुढं चढत गेलो आणि ही गोष्ट माझ्याबरोबर चढत गेली. प्रशिक्षणाला आलेल्या पोरांना सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, निरोपसमारंभाच्या भाषणातही सांगितली. दर वेळी ‘दिसत नाहीत’ म्हणताना मी थोडा थांबायचो, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं की या माणसानं तेव्हा नोकरी पणाला लावून सात शेळ्या वाचवल्या. काळा तळवा, पिल्लांची तोंडं, सगळं ओळखून यानं डोळेझाक केली. इतक्यांदा सांगितल्यावर त्या क्षणी खरोखर माझ्या मनात काय होतं, हे आता माझं मलाही धड सांगता येत नाही. पॅडची शाई नेहमीच हाताला लागायची, हेही खरं आहे.

निवृत्त झालो त्या वर्षी त्या गावावरून जात होतो, म्हणून गयाबाईकडं डोकावलो. घर पक्कं झालेलं. ती बाजेवर बसली होती, डोळ्यांनी अधू, आवाजावरून ओळखलं. नात सुट्टीला आलेली होती, जिल्हा परिषदेत नोकरीला लागलेली, चष्मा लावणारी बाई झालेली. तिनं चहा केला. मी तिला म्हणालो की तुला ठाऊक नसेल, पण तू कडेवर होतीस तेव्हापासूनची आमच्या ओळखीची, आणि सगळी गोष्ट सांगितली. गेरूपासून सांगितली, कमीपणा लपवला नाही. शनिवारपाशी आलो तेव्हा नेहमीसारखा थांबलो. नात मोठ्या आदरानं बघत होती. म्हणाली, म्हणजे साहेब, तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तुम्ही गप्प राहिलात.

मी नम्रपणे कपाकडं बघितलं.

“न्हाय गं,” गयाबाई बाजेवरनं म्हणाली. “त्यास्नी कळलं न्हवतं.”

मी हसलो. मावशी, माझा हात काळा झाला होता, तुम्ही स्वतः बघितलात, असं म्हणालो. आणि तुम्हाला कसं माहीत मला कळलं नव्हतं ते, असंही विचारलं.

“कळलं असतं,” ती म्हणाली, “तर तुमी चेअरमनला सांगितलं असतं.”